पायवाटेचा पूल



ऐन पावसाळ्यात, आषाढ सरून श्रावण लागण्याच्या सुमारास, सीमाभागातील वर्तमानपत्रांत एक यादी दरवर्षी छापून येते. कल्लोळ–येडूर, मलिकवाड–दत्तवाड, कारदगा–भोज, भोजवाडी–कुन्नूर, सिदनाळ–अक्कोळ, जत्राट–भिवशी, ममदापूर–हुन्नरगी. यादीखाली एकच वाक्य असते : हे पूल पाण्याखाली गेले असून वाहतूक पर्यायी मार्गाने सुरू आहे. परगावचा वाचक ती नावे न वाचताच पान उलटतो. निपाणी–चिकोडीकडच्या माणसाला मात्र दोन गावांच्या नावांमध्ये छापलेल्या त्या लहानशा आडव्या रेघेत एक अख्खी नदी दिसते, आणि नदीच्या पलीकडे आपली शाळा, आपला दवाखाना, आपली लेक दिलेले घर दिसते.

‘पर्यायी मार्ग’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. मोटारीत बसलेल्या माणसाला बारा किलोमीटरचा वळसा म्हणजे पंधरा-वीस मिनिटे. सायकलीवर तेच अंतर पाऊणएक तासाचे, आणि पायी चालणाऱ्याला जवळजवळ तीन तासांचे. म्हणजे चालणाऱ्यापुरता तो मार्ग मुळी पर्यायच नव्हे. तो घरी बसतो. कागदोपत्री मात्र वाहतूक सुरूच असते.

या नद्यांचा स्वभाव थोडा सांगितला पाहिजे. वेदगंगा भुदरगडच्या डोंगरात उगम पावून गारगोटी, मुरगूडवरून निपाणीच्या बाजूला उतरते. दूधगंगा राधानगरीकडून, काळम्मावाडीच्या धरणातून येते. भोज गावापाशी दोघींचा संगम होतो आणि पुढे ते पाणी येडूरच्या परिसरात कृष्णेला मिळते. पाऊस पडतो तो सह्याद्रीच्या माथ्यावर. पूल बुडतो तो खाली मैदानात. निपाणीला स्वच्छ ऊन पडलेले असते, तंबाखूच्या शेतात माणसे कामाला लागलेली असतात, आणि तासा-दोन तासांत बंधाऱ्यावरून पाणी वाहू लागते. सकाळी कोरड्या पायांनी पलीकडे गेलेला माणूस संध्याकाळी परतू शकेल की नाही, हे त्याच्या गावच्या आभाळाकडे पाहून कळत नाही. पुरापेक्षाही ही अनिश्चितता माणसाला अधिक जेरीस आणते, असा माझा अनुभव आहे.

आता हे ‘पूल’ म्हणजे नेमके काय? यांतले बहुतेक मुळी पूल म्हणून बांधलेलेच नाहीत. ते बंधारे आहेत. कोल्हापूर संस्थानात जी रचना रूढ झाली आणि जिला आजही आपण ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतो, तीच ही. नदीच्या पात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब ठराविक अंतरावर उभे करायचे, खांबांना उभ्या खाचा ठेवायच्या आणि पावसाळा संपला की त्या खाचांत फळ्या बसवायच्या. या फळ्यांना आपल्याकडे बरगे म्हणतात. पूर्वी लाकडी बरग्यांच्या दोन ओळी बसवून मधल्या पोकळीत चिकणमाती ठासून भरीत. पुढे लोखंडी बरगे आले. पाणी अडते, दोन्ही काठांवरचा ऊस पिकतो. जून महिना आला की बरगे काढून ठेवायचे, म्हणजे पुराचे पाणी खांबांमधून मोकळे निघून जाते. अल्प खर्चाची, शहाणपणाची आणि स्थानिक गवंड्याला समजणारी अशी ही योजना आहे. तिच्या कर्त्यांना नावे ठेवण्याचे माझ्या मनातही नाही.

पण बरगे बसवायचे आणि काढायचे तर माणसांना खांबांवर उभे राहायला जागा हवी. म्हणून वरती एक अरुंद फरशी टाकली गेली. फरशी झाली तशी तिच्यावरून माणसे जाऊ लागली, माणसांमागून सायकली, सायकलींमागून मोटारसायकली आणि शेवटी कुणीतरी धीट गृहस्थ ट्रॅक्टर घेऊन. अशा रीतीने पाटबंधाऱ्याची एक सोय लोकांचा रस्ता होऊन बसली. कोल्हापूरजवळच्या कसबा बावड्याचा राजाराम बंधारा याच जातीचा. तो पाण्याखाली गेल्याची बातमी म्हणजे पंचगंगेच्या पुराची पहिली वर्दी.

या फरशीला कठडे का नसतात, असा प्रश्न नवखा माणूस हमखास विचारतो. उत्तर सोपे आहे. जी वास्तू बुडणारच आहे तिला पक्का कठडा लावला, तर पुरात वाहून येणारी झाडे, काटक्या आणि पेंढा त्याच्यात अडकून त्याची भिंत होते, आणि त्या भिंतीवर नदीचा सारा जोर येऊन पूलच उखडतो. तेव्हा कठडा नाही हे शास्त्राला धरून आहे. फक्त त्या शास्त्राची किंमत माणसे देतात. पूर ओसरल्यावर फरशीवर बोटभर गाळ राहतो, त्याच्यावर ऊन पडले की वरून सुकल्यासारखा दिसतो आणि खाली तेलासारखा निसरडा असतो. आमच्या लहानपणी बंधाऱ्यावर सायकलीवरून उतरून ती हाताने ढकलीत न्यायची, असा घराघरांतून दंडक होता. तो मोडल्याबद्दल मी एक वहाण नदीला अर्पण केलेली आहे. आणि एका ऑगस्टात बंधारा बुडाला म्हणून चाचणी परीक्षेचा गणिताचा पेपरही बुडाला. घरी त्याचे दुःख माझ्याखेरीज सर्वांना झाले.

हसण्यावारी नेण्यासारखे हे एवढेच. बाकीचे तसे नाही. निपाणीच्या भोवतालच्या खेड्यांतून विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांचे संसार हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर चालतात. पान आणि तंबाखू आणायची, घरी वळायची, वळलेल्या विड्या मोजून द्यायच्या आणि पुन्हा पान आणायचे. हे चक्र एक दिवस थांबले की त्या दिवसाची मजुरी शून्य. तिला रजेचा पगार नाही. दूध घालणाऱ्याचेही तसेच. सायकलीच्या दोन बाजूंना अडकवलेल्या किटल्यांतले दूध पूर ओसरेपर्यंत थांबून राहत नाही.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात अशाच अवस्थेतील खेड्यांचा काही अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. तिथेही डोंगरात पाऊस पडतो आणि अचानक आलेल्या लोंढ्याने खेडे बाजारपेठेपासून तुटते. काही गावांना पायी जाण्याचे पूल बांधून मिळाले. काही गावांना गरज तेवढीच असूनही काठांची ठेवण अनुकूल नसल्यामुळे ते बांधता आले नाहीत. दोहोंची तुलना तीन वर्षे करण्यात आली आणि निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. पूल नसलेल्या गावात पूर आला की मजुरीचे उत्पन्न १८ टक्क्यांनी घटत होते. पूल झालेल्या गावांत ही घट उरली नाही. त्याहून मला लक्षणीय वाटली ती दुसरी गोष्ट. पुलामुळे शेतकऱ्याचे शेतीतले वागणेही बदलले. उद्या वाट बंद होईल या धास्तीने जी बाजूला काढून ठेवावी लागत होती ती पुंजी तो शेतात घालू लागला. पाऊलवाटेच्या पुलाचा खतावरच्या खर्चाशी काय संबंध, असे कुणी विचारले असते तर आपण हसलो असतो.

तसाच प्रकार शाळेचा. बिहार सरकारने २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना काढली. तिचा पुढे जो अभ्यास झाला त्यात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींच्या प्रमाणात ३२ टक्क्यांची वाढ आढळली, आणि ती प्रामुख्याने शाळेपासून तीन किलोमीटर वा अधिक दूर असलेल्या गावांत. कर्नाटकातही २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सरकारी सायकली मिळू लागल्या. करोनाच्या काळात ती योजना खंडित झाली. त्या सायकली आपल्या खेड्यांत पुष्कळ आल्या. पण सायकलीला वाट लागते, आणि सायकल दिली की वाट आपोआप होते असे नाही. बंधाऱ्यावर पाणी आले की आई मुलाला कदाचित जाऊ देईल. मुलीला देत नाही. आठवड्यातून दोन दिवस, महिन्यातून आठ दिवस अशी शाळा बुडू लागली की एखाद्या दिवाळीनंतर ती मुलगी पुन्हा जातच नाही. पटावर कारण लिहिले जाते ‘घरकाम’. नदीचे नाव त्यात कुठेच येत नाही.

मग उपाय काय? मोठे उंच पूल बांधावेत, ही मागणी नेहमीचीच आहे आणि ती रास्त आहे. पण मोठ्या पुलाचा हिशेब मोठ्या वाहनांवर बसतो. वाहनांची मोजदाद करताना अभियंते मोटारगाडीला एक एकक धरतात, सायकलीला अर्धे. पायी माणसाला एककच नाही. त्यामुळे ज्या वाटेने रोज चारशे माणसे चालत जातात ती वाट कोष्टकात जवळजवळ ओसाड दिसते. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे–बंगळूर महामार्गावर चढले तेव्हा ती देशाची बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. हजारो मालमोटारी खोळंबल्या होत्या. त्याच नदीवरच्या लहान वाटा त्या वर्षी बंद होत्या, आदल्या वर्षी होत्या, पुढल्या वर्षीही होत्या.

माझे म्हणणे असे की मोठ्या पुलाची वाट पाहत असताना, आणि जिथे तो कधीच होणार नाही अशा ठिकाणी तर निश्चितच, केवळ पायी आणि सायकलीने जाण्यापुरता हलका पण उंच असा पूल बांधावा. बंधारा बंधाऱ्याच्या कामाला राहू द्यावा. माणसांची वाट त्याच्या डोक्यावरून काढून वर न्यावी.

ही कल्पना परकी नाही. आपल्या जिल्ह्यातच गोकाकच्या धबधब्यापाशी घटप्रभेवर झुलता पूल आहे. सुमारे दोनशे मीटर लांबीचा, खाली खडकापासून चौदाएक मीटर उंच. १८८५ साली स्थापन झालेल्या तिथल्या सूतगिरणीच्या वसाहतीशी त्याचे नाते आहे. सहलीला गेलेले लोक त्याला गंमत म्हणून ओळखतात. पण मौजेसाठी तो टांगलेला नाही, माणसांना नदीपलीकडे जायचे होते म्हणून तो टांगला गेला. अलीकडच्या काळातले उदाहरण हवे असेल तर दक्षिण कन्नड जिल्ह्यातील सुळ्याचे अभियंते गिरीश भारद्वाज यांचे घ्यावे. १९८९ साली पयस्विनी नदीवर अरंबूर येथे गावकऱ्यांसाठी त्यांनी पहिला झुलता पूल उभारला. त्यानंतर कर्नाटकात आणि शेजारच्या राज्यांत मिळून त्यांनी असे शंभरावर पूल बांधले. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तारेचे दोर, दोन काठांवर दोन मनोरे आणि मध्ये माणसाच्या चालीची फळी, एवढ्यावर खेडी जोडली गेली.

शब्दाचीही एक मौज सांगण्यासारखी आहे. कोकणात ओढ्यावर टाकलेल्या लहान पुलाला साकव म्हणतात. मलनाडातले कानडी लोक तशाच पुलाला ‘कालुसंक’ म्हणतात, म्हणजे पायी जाण्याचा संक. साकव काय आणि संक काय, दोन्ही शब्द संस्कृत ‘संक्रम’ या एकाच शब्दातून उतरलेले. भाषेवरून आपण इतकी वर्षे भांडतो आहोत, आणि ओलांडण्याचा शब्द दोन्ही काठांवर एकच आहे. घाटावर मात्र आपण हा शब्द विसरलो.

आता धोक्याची बाजू. ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ माणसे मेली. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चौघांचा बळी गेला. दोन्ही पूल माणसांच्या पायांसाठीच होते. यावरून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की असले हलके पूल नकोतच. हा निष्कर्ष मला पटत नाही. पण त्यामागची भीती खरी आहे. माणूस हलका असतो, जमाव हलका नसतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमांप्रमाणे पादचारी मार्गावर दर चौरस मीटरला ४०० किलोंचा भार धरावा लागतो, आणि शहरालगत किंवा जत्रा-यात्रांच्या ठिकाणी ५०० किलोंचा. म्हणजे एका चौरस मीटरवर सहा-सात माणसे दाटीने उभी आहेत असे समजून पूल बांधायचा. येडूरला वीरभद्राचे देवस्थान आहे. जत्रेच्या दिवशी त्या परिसरातला पूल कसा भरेल हे तिथल्या कुणालाही सांगावे लागत नाही. तेव्हा काटकसर करायची ती रुंदीत करावी, भाराच्या हिशेबात करू नये.

आणि बांधून झाल्यावर त्याच्याकडे बघणारा कोणीतरी असला पाहिजे. दोर गंजतात, नटबोल्ट सैल होतात, फळ्या कुजतात. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी आणि तिची तारीख पुलाच्या तोंडावर रंगाने लिहिलेली असावी. रेल्वेच्या पुलांवर अशा तारखा लिहिलेल्या आपण पाहतो. गावकऱ्याला त्यातले शास्त्र कळणार नाही. पण दोन वर्षांपूर्वीची तारीख पाहून विचारायचे काय हे त्याला बरोबर कळेल.

मोटारसायकलीचे काय, हा प्रश्न येतोच. पुण्यात मुठेवर दुचाकींसाठीच बांधलेला पूल आहे, त्याच्या वळणांमुळे त्याला झेड ब्रिज म्हणतात. तिथे चालणाऱ्याची अवस्था आपण पाहिलेली आहे. तरीही खेड्यातल्या पुलावर मोटारसायकलीला बंदी घालावी असे मला वाटत नाही. आज ती शेतमजुराच्याही दारात आहे. बाळंतीण अडली तर तिला घेऊन जाणारे पहिले वाहन तेच. बंदीची पाटी लावली तर पाटी राहील आणि गाडी जाईल. त्यापेक्षा तिचा भार आधीच हिशेबात धरावा, आणि रुंदी अशी ठेवावी की चारचाकी तिथे शिरूच शकणार नाही.

एक लहानशी, पण माझ्या मते निर्णायक गोष्ट आहे चढाची. आपल्याकडे पादचाऱ्यांचा पूल म्हटले की जिना डोळ्यांपुढे येतो. महामार्ग रुंद झाला तसे ठिकठिकाणी लोखंडी जिन्यांचे पूल उभे राहिले, आणि खाली माणसे दुभाजक ओलांडून जीव मुठीत धरून पळतात ती पळतातच. त्यांना बेशिस्त म्हणणे सोपे आहे. डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाळीस पायऱ्या चढून पाहिल्याशिवाय ते म्हणू नये. दुधाच्या किटल्या लावलेली सायकल तर जिन्यावर चढतच नाही. तेव्हा नदीवरच्या पुलाला उतार हवा, तोही वीस हातांत एक हात चढेल इतका सौम्य. त्यासाठी दोन्ही काठांवर लांब भराव लागतो, भरावाला जमीन लागते, आणि जमीन म्हटली की काठावरच्या उसाच्या शेताचा मालक आडवा उभा राहतो. पुष्कळ पूल नदीत अडत नाहीत, ते काठावरच्या त्या दोन-चार गुंठ्यांत अडतात.

सीमाभागात त्यात आणखी एक गाठ पडते. मलिकवाड कर्नाटकात, चिकोडी तालुक्यात. समोरचे दत्तवाड महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यात. एका पुलाची दोन टोके दोन राज्यांत. १९५६ पासून हा वाद चालू आहे, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्याचा निकाल काय लागावा याबद्दल माझी मते काय आहेत हे माझे आडनाव ऐकूनच श्रोत्यांनी ताडले असेल. तो प्रश्न आज माझ्यापुढे नाही. काळम्मावाडीचे धरण दोन्ही राज्यांनी मिळून पाण्यासाठी उभे केले. पाण्यासाठी जे जमले ते पावलांसाठी जमू नये, याला मला तरी कारण दिसत नाही. कोणत्या खात्याने खर्च करायचा, कोणत्या भाषेत पाटी लावायची, हे पूल झाल्यावर भांडता येईल. भांडणारे तरी भेटायला सोयीने येतील.

भोजचे नाव मघा आले. जैन समाजातील थोर आचार्य शांतिसागर महाराज, ज्यांचा जन्म १८७२ चा आणि ज्यांनी १९५५ साली कुंथलगिरीवर देह ठेवला, ते याच गावचे. पूर्वाश्रमी ते सातगौडा पाटील. अंगाने मोठे बळकट. सांगतात की मुनी आदिसागर गावाकडे येत तेव्हा सातगौडा त्यांना आपल्या खांद्यावर बसवून संगमाचे पाणी पार करून देत. ही कथा त्या भागात अजून भक्तीने सांगितली जाते. ऐकताना मला मात्र दर वेळी हेही आठवते की तेव्हा तिथे खांद्याखेरीज दुसरा पूल नव्हता, आणि सातगौडा सगळ्यांच्याच वाट्याला येत नसत.

सुरुवात कुठून करावी, असे मला एका तरुण शिक्षकाने विचारले होते. मी त्याला मोजायला सांगितले. जूनमध्ये बरगे काढायच्या आधी एखाद्या साध्या वारी, बाजाराचा किंवा जत्रेचा नव्हे अशा दिवशी, बंधाऱ्याच्या तोंडाशी दोन विद्यार्थी वही घेऊन बसवावेत. पहाटे दुधाची वेळ होते तेव्हापासून दिवेलागणीपर्यंत. चालणारे किती, सायकलवाले किती, त्यांत शाळेचा गणवेश घातलेले किती, डोक्यावर ओझे असलेल्या बाया किती, आणि आजारी माणसाला धरून नेणारे किती. पुरुषांना कुठे चाललात असे विचारू नये, ते रागावतात. बायका न विचारताच सांगतात. तो कागद ग्रामपंचायतीच्या ठरावाला जोडावा आणि एक प्रत नदीपलीकडच्या ग्रामपंचायतीला पाठवावी. तिकडच्या काठावरही त्याच दिवशी दोन मुले बसवता आली तर आकड्यांचा ताळाही पाहता येईल.